गुडघे कुणापुढे टेकले?

दौंड तालुक्याच्या कडेने वाहणाऱ्या भीमेच्या पलीकडच्या काठावर, श्रीगोंदा तालुक्यात, पेडगाव आहे. वेड घेऊन जिथे जायचं ते हेच पेडगाव, असं आसपासचे लोक सांगतात. तिथल्या बहादूरगडाला आता धर्मवीरगड म्हणतात. फेब्रुवारी १६८९मध्ये इथे औरंगजेबाची छावणी पडली होती. संगमेश्वरला पकडलेले छत्रपती संभाजीराजे आणि त्यांचे मित्र कवी कलश यांना या छावणीत आणलं गेलं ते विदूषकी कपडे चढवून, घुंगरं बांधून, उंटावरून धिंड काढत.

दोघांना बादशहासमोर उभं केलं, त्या वेळचा एक क्षण खाफीखान या मोगल इतिहासकाराने लिहून ठेवला आहे. इतक्या वर्षांचा शत्रू हाती आलेला पाहून औरंगजेब तख्तावरून खाली उतरला आणि गुडघे टेकून त्याने देवाचे आभार मानले. बेड्यांत जखडलेल्या कवी कलशांनी ते पाहिलं आणि तिथल्या तिथे एक कवन रचून राजांना ऐकवलं. आशय असा, की राजे, तुमचं तेजच असं की तुम्हाला पाहून आलमगीरालाही तख्तावर बसवेना, मान द्यायला तो खाली उतरला!

हे जसंच्या तसं घडलं का, हा इतिहासकारांचा प्रश्न. खाफीखानाने हे बऱ्याच वर्षांनी लिहिलं आहे. पण लिहिणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर अंगावर काटा येतो, आणि त्या काट्यात शौर्याइतकाच वाटा कारागिरीचा आहे. घटना केवढी? एक माणूस खाली उतरला आणि गुडघ्यावर बसला. एवढ्यात तीन माणसं उभी राहतात. विजयाच्या क्षणीही आधी नमाजाकडे वळणारा बादशहा. मरण समोर असताना यमक जुळवणारा कवी. आणि तिसरा तर काही बोलतच नाही. तरी तो आपल्याला कळतो, कारण ज्याचा मित्र अशा वेळी अशी थट्टा करू शकतो तो माणूस कसा असेल, याचा हिशेब आपण मनातल्या मनात मांडतो. ‘शूर’, ‘धर्मनिष्ठ’, ‘हजरजबाबी’ यांतला एकही शब्द वापरावा लागलेला नाही. शिवाय औरंगजेबाची एकच कृती देवापुढची प्रार्थनाही ठरते आणि शत्रूला दिलेला मुजराही. कोण पाहतंय त्यावर ते ठरतं.

कथा-कादंबरीत, नाटकात माणूस कसा ‘घडवतात’, हे मला नेहमीच जादूसारखं वाटत आलं आहे. कागदावर शाईच्या रेघा असतात, आणि आपण त्यांच्यासाठी रडतो, त्यांच्यावर चिडतो, त्यांच्या लग्नाची काळजी करतो. ही जादू पडद्यामागून पाहायची असेल तर भीमाकाठासारखी जागा नाही. पेडगावहून नदीच्या वरच्या अंगाला, शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला संभाजीराजांची समाधी आहे. अकरा मार्च १६८९ला त्यांची हत्या झाली. दरवर्षी फाल्गुन अमावास्येला तिथे माणसांची रीघ लागते. त्या गर्दीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे एक संभाजी असतो. तो कुणी घडवला, हे विचारत गेलो तर दोनशे वर्षांतले मराठी लेखक एकामागून एक समोर येतात. माणूस एक, तारखा त्याच, आणि पात्रं मात्र ओळखू येणार नाहीत इतकी वेगवेगळी.

हे कसं शक्य होतं? इतिहास आपल्याला कृती देतो, कारण देत नाही. डिसेंबर १६७८मध्ये एकवीस वर्षांचे युवराज संभाजी स्वराज्य सोडून मोगल सरदार दिलेरखानाच्या गोटात गेले. पुढच्या वर्षी दिलेरखानाने भूपाळगड घेतला. तिथे सापडलेल्या सातशे जणांचा एकेक हात तोडल्याचं सांगतात. वर्ष संपायच्या आत युवराज निसटून पन्हाळ्याला परत आले. एवढं कागदोपत्री मिळतं. पण का गेले? कुठल्या रात्री ठरवलं? आणि परत येताना नेमकं काय आठवत होतं? इथे कागद गप्प होतो. या गप्प जागेतच पात्राचा जन्म होतो. कृती आणि कारण यांच्यात जेवढं अंतर, तेवढी लेखकाला जागा. म्हणून तर ज्यांच्याविषयी सगळं माहीत आहे अशी माणसं कादंबरीत सपक वाटतात.

ही जागा भरण्याचा सगळ्यात जुना आणि सोपा मार्ग म्हणजे सांगून मोकळं होणं. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे घटनांनंतर सव्वाशे वर्षांची. तिच्यातला संभाजी तापट, व्यसनी आणि कलशाच्या नादी लागलेला आहे. प्रसंगाने तो तसा दिसत नाही, निवेदक तसं सांगतो. आता निवेदक कोण ते पाहा. मल्हार रामरावांचे पूर्वज बाळाजी आवजी चिटणीस यांना १६८१मध्ये, आपल्याविरुद्धच्या कटात सामील असल्याच्या आरोपावरून, संभाजीराजांनी देहदंड दिला होता. सूड म्हणूनच बखर लिहिली, इतकं सरळ मी म्हणणार नाही. पण कथा कोण सांगतो हे कळल्यावर कथेतला माणूस बदलतो, याचं याहून ढळढळीत उदाहरण आपल्या भाषेत सापडणं कठीण. शिवाजी महाराजांचं अस्सल चित्र शोधून काढणारे वा. सी. बेंद्रे यांनी १९६०मध्ये संभाजीराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं आणि बखरीतल्या या चित्राला पुराव्यांनिशी हादरा दिला. तोवर मात्र नाटककारांच्या हाताशी प्रामुख्याने बखरीतलाच माणूस होता.

आपल्याकडे नायकाचे साचे भरतमुनींच्या नाट्यशास्त्रापासून ठरलेले आहेत: धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत आणि धीरप्रशांत. सुखात रमणारा तो ललित, भडकून उठणारा तो उद्धत, मोठ्या मनाचा आणि ठाम तो उदात्त. एखादा नायक यांतल्या एका घरात बसतो आणि तिथेच राहतो, अशी आपली समजूत असते. संभाजी हे पात्र मात्र घरं बदलत आलं आहे.

राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’मध्ये तो ललित आहे, विलासात बुडालेला. नाटक अपुरंच राहिलं. २३ जानेवारी १९१९ला गडकरी गेले आणि ते त्यांच्यामागे प्रसिद्ध झालं. गडकऱ्यांची रीत विरोधाची. शिवाजी महाराजांची सावली पडली की मुलाचा विलास आणखी भडक दिसतो. जिवाजी कलमदान्यासारखं लेखणीच्या जोरावर फुशारक्या मारणारं विनोदी पात्र शेजारी आलं की तलवारीच्या माणसांना वजन येतं. आणि राजेपण हा उपभोग नसून संन्यास आहे, हे नायकाला उमगतं तेव्हा वेळ निघून गेलेली असते. उशिरा आलेली जाणीव हे शोकांतिकेचं फार जुनं हत्यार. गडकऱ्यांनी ते ‘एकच प्याला’तल्या सुधाकरावरही चालवलं आहे. मला स्वतःला ‘राजसंन्यास’ची भाषा दिपवते आणि माणूस थोडा हातचा सुटतो. प्रत्येक पात्र गडकऱ्यांइतकंच सुंदर बोलतं, मग कोण बोलतंय हे विसरायला होतं. याच नाटकातल्या चित्रणावरचा राग म्हणून जानेवारी २०१७मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा काही कार्यकर्त्यांनी उखडून मुठेत टाकला. बरोबर-चूक बाजूला ठेवू. पण शंभर वर्षांपूर्वीच्या अर्ध्या राहिलेल्या नाटकातलं एक पात्र रस्त्यावर येऊन एवढं करवून घेतं, याचं नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

मग १९६२ साल आलं. नाशिकच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या वसंत कानेटकरांनी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिलं, गोवा हिंदू असोसिएशनने ते रंगभूमीवर आणलं, आणि संभाजी एकदम आपल्या घरातला झाला. कानेटकरांनी त्याला रणांगणावरून उचलून वडिलांपुढे उभं केलं. इथे थोडं थांबायला हवं, कारण पात्र उलगडण्याची ही रीत मला सगळ्यांत खोल वाटते.

माणूस एकटा असताना फारसा कळत नाही. तो कुणासमोर कसा बदलतो, यावरून कळतो. सासऱ्यांसमोर मान खाली घालणारा माणूस घरी बायकोवर कसा ओरडतो, हे पाहिलं की आपण म्हणतो, आता ओळखला याला. कानेटकरांचा संभाजी पत्नी येसूबाईंपुढे वेगळा, सावत्र आई सोयराबाईंपुढे वेगळा, आणि वडिलांपुढे, आबासाहेबांपुढे, आणखीच वेगळा. वडिलांपुढे तो जे बोलतो त्याहून जे गिळतो ते मोठं असतं. त्याला काय हवं आहे, एवढा एकच प्रश्न नाटककाराने धरून ठेवलेला दिसतो. राज्य नव्हे, बापाने एकदा जवळ घ्यावं. दिलेरखानाकडे जाणं हे मग राजकारण राहत नाही, रुसव्याचं भयंकर टोक होतं. पात्राला काही तरी जिवापाड हवं असावं आणि ते मागण्याची त्याची रीतच त्याला त्यापासून दूर नेत असावी. नाटकाला लागणारं इंधन या एवढ्यात असतं.

यात एक गोष्ट कानेटकरांना इतिहासानेच दिली. आपल्या घरांत बाप आणि लेक एकमेकांशी बोलतात ते आईमार्फत. ‘त्याला सांग’, ‘ह्यांना विचार’. सईबाई १६५९मध्ये गेल्या तेव्हा संभाजी दोन वर्षांचे होते. निरोप्याची जागा रिकामी झाली आणि पुढे तिथे सावत्र आई आली, तिचा स्वतःचा मुलगा कडेवर घेऊन. रंगमंचावर नसलेलं एक माणूस असलेल्या सगळ्यांना कसं घडवतं, हे शिकायचं तर या सईबाईंकडे पाहावं.

त्या नाटकात संभाजी झाले डॉ. काशिनाथ घाणेकर, पेशाने दंतवैद्य. त्यांच्यासाठी प्रेक्षक वेडे झाले, आणि कित्येकांच्या मनात संभाजीचा चेहरा तोच बसला. पुढे दूरचित्रवाणीवर संभाजी झालेले डॉ. अमोल कोल्हेही डॉक्टरच. या भूमिकेचं आणि वैद्यकीचं काय गूळपीठ आहे कोण जाणे. पण घाणेकरांच्या निमित्ताने एक प्रश्न उरतो: पात्र लेखकाचं किती आणि नटाचं किती?

त्याचं उत्तर दौंड तालुक्यातच, पुणे–सोलापूर रस्त्यावरच्या चौफुल्याला मिळतं. तिथली कला केंद्रं संगीत बारीसाठी प्रसिद्ध आहेत. बैठकीच्या लावणीत गाणारी बाई बसल्या जागी एकच ओळ पुन:पुन्हा घेते आणि दर खेपेला अदा बदलते. पहिल्यांदा ती लाजते, दुसऱ्यांदा टोमणा मारते. तिसऱ्यांदा तीच ओळ अशी येते, की ज्याची वाट पाहायची तो आता येणार नाही हे तिला ठाऊक आहे असं वाटावं. शाहिराने शब्द एकदाच लिहिले. बाई मात्र दर वेळी वेगळी, आणि शेवटी त्या सगळ्या मिळून एक. कादंबरीकार दोनशे पानांत जे करतो ते इथे भुवई, मनगट आणि एक थांबलेला श्वास यांवर होतं. लिखित शब्द हा पात्राचा सांगाडा असतो, हे कबूल करायला लेखकांना जड जातं. नाटककारांना त्यातल्या त्यात कमी.

‘रायगडाला’नंतर सहा वर्षांनी, १९६८मध्ये, कानेटकरांनी ‘इथे ओशाळला मृत्यू’ लिहिलं. आता समोर बाप नाही, औरंगजेब आहे. दुबळे लेखक इथे खलनायकाला बुटका करतात. मग नायकही तेवढाच बुटका होतो, कारण माणसाची उंची आपण समोरच्यावरूनच मोजतो. प्रभाकर पणशीकरांचा औरंगजेब लोकांच्या लक्षात राहिला तो थंड, हुशार आणि मनातून एकटा म्हणून. त्याच्यापुढे जे झुकत नाही त्याला किंमत आली. (हेच पणशीकर १९६२पासून अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मध्ये लखोबा लोखंडे आणि त्याची सोंगं रंगवत होते. तिथे पात्ररचनेचा उलटा खेळ आहे. सोंगामागून सोंग गळतं आणि आत कुणी आहे की नाही, हे शेवटपर्यंत कळत नाही.)

कादंबरीकाराकडे नाटककाराकडे नसलेली एक चावी असते. त्याला थेट डोक्याच्या आत जाता येतं. शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये, १९६७ला, कर्णाची कथा स्वतः कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून सांगितली. आईला दिसणारा कर्ण आणि मित्राला दिसणारा कर्ण यांच्यामधली फट वाचकाने भरायची. पेडगावच्या दरबारात कवी कलशांनी जे एका कवनात केलं तेच हे, कादंबरीभर पसरलेलं. बारा वर्षांनी ‘छावा’ लिहिताना मात्र सावंतांनी ही रीत सोडली आणि एकच, ओथंबून वाहणारा निवेदक घेतला. बेंद्रे आणि कमल गोखले यांच्या संशोधनाने बखरीतला माणूस तोवर पुसट केला होता. उद्धत आणि ललित हे शब्द मागे पडले, संभाजी उदात्त झाला. वाचकांनी त्याला डोक्यावर घेतलं. २०२५मध्ये याच कादंबरीवर लक्ष्मण उतेकरांनी हिंदी चित्रपट केला, त्यालाही तुफान गर्दी झाली. माझी एक कुरकुर आहे. उदात्त झालेल्या पात्राला चुका करायची परवानगी राहत नाही. दिलेरखानाकडे जाण्यालाही मग गुप्त डावपेचाचं कारण शोधावं लागतं, आणि कानेटकरांच्या त्या दुखावलेल्या पोराची मला आठवण येते.

मालिकेचा हिशेब वेगळाच. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०२० चालली. अडीच वर्षं एक माणूस रोज रात्री जेवणाच्या वेळी घरात येतो. तो घोड्यावर कसा बसतो, येसूबाईंशी कसं बोलतो, दमला की कसा दिसतो, हे आपल्याला घरच्या माणसाइतकं पाठ होतं. मालिकेत पात्र प्रसंगांपेक्षा सवयींनी उलगडतं, आणि सवयी दाखवायला वेळ लागतो. नाटकाकडे तो नसतो. शेवटच्या भागांच्या वेळी बघणाऱ्यांना घरातलं कुणी जात असल्यासारखं झालं ते उगाच नाही.

आणि मग शिरूर. मालिका चालू असतानाच, २०१९मध्ये, अमोल कोल्हे शिरूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले, २०२४ला पुन्हा गेले. वढू बुद्रुक याच मतदारसंघात येतं. पडद्यावर ज्याचं मरण जगले त्याची समाधी आता त्यांच्या कार्यक्षेत्रात. मतदारांनी मत पक्षाला दिलं, उमेदवाराला दिलं की भूमिकेला, हे कुठल्या यंत्रात मोजता येत नाही. पण प्रचारसभेत समोर उभ्या असलेल्या खासदारकीच्या उमेदवाराकडे बघताना कुणालाच राजे दिसले नसतील, असं मानणं भाबडेपणाचं ठरेल. पात्र एकदा नीट उभं राहिलं की लेखकाच्या, नटाच्या, कुणाच्याच ताब्यात राहत नाही. पुण्यात ते पुतळा पाडतं, शिरूरमध्ये मतदान केंद्रापर्यंत चालत येतं.

या सगळ्या धावपळीत एक पात्र मात्र बहुतेक वेळा आपल्या साच्यातच राहिलं आहे: सोयराबाई. नाटकाला सावत्र आई हवी होती, ती मिळाली. तिच्या आतलं अंतर मोजायची गरज फारशी कुणाला वाटली नाही. पण १६८०चं एक संस्कृत दानपत्र आहे, खुद्द संभाजीराजांचं. त्यात त्यांनी याच सोयराबाईंचं मन स्फटिकासारखं निर्मळ असल्याचं म्हटलं आहे. ते मन कलुषित झालं ते मंत्र्यांमुळे, असा त्यांचा सूर आहे. पुढच्याच वर्षी राजांविरुद्धचा कट उघडकीस आला, मंत्री अण्णाजी दत्तो आणि चिटणीस बाळाजी आवजी मारले गेले, आणि १६८१ संपण्याआधी सोयराबाईही गेल्या. दानपत्र आणि त्यांचा मृत्यू यांच्यामध्ये जेमतेम वर्ष-सव्वा वर्ष आहे. गडावर राजा आणि सावत्र आई एकाच वाड्याच्या आवारात राहतायत. स्फटिकाची गोष्ट तिच्या कानावर गेली असेल का? गेली असेल तर कुणी सांगितली, आणि ती ऐकताना तिने हातातलं काम थांबवलं का?